सही करायच्या आधी

अगं, वडिलांचं वर्षश्राद्ध झालं की दुसऱ्याच दिवशी तालुक्याला जाऊन कागदावर सही करायची आहे, असा भावाचा निरोप आला म्हणालीस. हे वाचणाऱ्या कितीतरी जणींना असाच निरोप आलेला असेल, म्हणून सगळ्यांशीच बोलते. गावाला जरूर जा. आईजवळ चार दिवस राहा. फक्त तो कागद सही करायच्या आधी एखाद्या वकिलाला दाखव. "वकिलाला द्यायला पैसे कुठून आणू, ताई?" असं तू म्हणायच्या आत सांगून टाकते, पैसे लागणार नाहीत. सरकारने तुझ्यासाठी वकिलाची सोय करून ठेवली आहे, आणि ती मिळायला तू बाई आहेस एवढं पुरे आहे.

हे मी मनाला येईल ते बोलत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालचा. तो लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला, म्हणून तो दिवस विधी सेवा दिन म्हणून पाळतात. त्याच्या बाराव्या कलमात मोफत कायदेशीर मदत कोणाला द्यायची ते लिहिलंय. स्त्रिया आणि मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेले, पूर-दुष्काळ-भूकंपात सापडलेले, जातीय अत्याचाराचे बळी, हे सगळे त्यात आहेत. यांतल्या कोणालाही उत्पन्न विचारायचं नाही. उत्पन्नाची मर्यादा आहे ती या यादीत न बसणाऱ्यांसाठी, आणि महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये आहे. म्हणजे तुझ्या नवऱ्याची रिक्षा असेल, दिराची पानटपरी असेल, तर त्यांनाही या मर्यादेत दार उघडं आहे. तुला मात्र उत्पन्नाचा दाखला मागायचं कारणच नाही. तुझा पगार किती, नवरा काय कमावतो, माहेर खातंपितं आहे का, या कशाचा इथे संबंध येत नाही. कोणी तहसील कार्यालयातून दाखला आणायला पिटाळलं तर "मी बाराव्या कलमात स्त्री म्हणून अर्ज करते आहे" असं शांतपणे सांगायचं.

आता त्या कागदाकडे वळू. मी विधी स्वयंसेवक म्हणून बायकांबरोबर बसते, तेव्हा असे मसुदे सारखे हातात येतात. त्यातला एक अजून डोळ्यांसमोर आहे. लोकांकडे स्वयंपाक करणाऱ्या एका बाईने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या आत घडी घालून आणला होता. भावाने तिला सांगितलं होतं, "सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची आहेत, त्यासाठी सही लागते." कागदाच्या माथ्यावर मात्र ठळक अक्षरात 'हक्कसोडपत्र' लिहिलेलं. खाली गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. मग मजकूर: लिहून देणार यांना त्यांचा हिस्सा यापूर्वीच मिळालेला असून त्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, सदर मिळकतीतील आपला हक्क व हितसंबंध कायमचा सोडून देत आहेत. तिला मी तो सावकाश वाचून दाखवला. 'यापूर्वीच मिळालेला' या जागेवर तिने मला थांबवलं आणि विचारलं, "काय मिळालं मला?" तिला काहीही मिळालेलं नव्हतं. लग्नात घातलेलं डोरलं तेवढं होतं, आणि तेच त्यांनी हिस्सा म्हणून धरलं होतं.

म्हणून हे नीट लक्षात घे. वारस नोंद वेगळी आणि हक्कसोडपत्र वेगळं. वारस नोंदीला वडिलांचा मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं देणारं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज लागतो, तो तलाठ्याकडे द्यायचा. आता त्यांच्या दारावर ग्राम महसूल अधिकारी अशी पाटी असते, पण गावात अजून तलाठीच म्हणतात. या नोंदीत तुझं नाव आईच्या आणि भावांच्या बरोबरीने लागतं. त्यासाठी हक्क सोडावा लागत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवतात. तिथे तुला कॅमेऱ्यासमोर बसवतील, अंगठ्याचा ठसा घेतील, दस्त कबूल आहे का विचारतील. मागे रांग असते, भाऊ शेजारी उभा असतो, आणि तू मान हलवलीस की काम झालं. तेवढ्या वेळात तू कायमची जमिनीबाहेर होतेस. नंतर "मला माहीत नव्हतं" म्हणून घरी भांडून तो दस्त रद्द होत नाही. दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो, फसवणूक झाली हे शाबीत करावं लागतं, आणि फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांत तो दावा दाखल व्हावा लागतो. सही आधीच करून बसली असशील तर या मुदतीसाठी तरी लवकर जा.

तुझा हक्क किती, तेही सांगते. जमीन वडिलार्जित असेल तर ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा आहे. वडील त्या तारखेच्या आधी वारले असतील तर मुलीला काही नाही, असं बरीच वर्षं सांगत आले. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात तो प्रश्न संपवला. हा हक्क जन्माने आहे, वडील त्या दिवशी हयात असायला हवेत असं नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी मात्र त्याने मोडत नाही. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल आणि मृत्युपत्र केलेलं नसेल, तर आई, भाऊ, बहिणी सगळ्यांना सारखा वाटा, आणि हे तर १९५६ पासून आहे. लग्न होऊन किती वर्षं झाली यावर काही अवलंबून नाही. हे हिंदू वारसा कायद्याचं झालं. बौद्ध आणि जैन बहिणींनाही तोच लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती बहिणींचे वारसा नियम वेगळे आहेत, पण मोफत वकील त्यांनाही याच कायद्याने मिळतो.

तुझं नाव वगळून नोंद घालायला घेतली असेल तर? फेरफार मंजूर करण्याआधी हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. तेवढ्यात तलाठ्याकडे लेखी हरकत द्यायची आणि पोच घ्यायची. मग ते प्रकरण विवादग्रस्त म्हणून नोंदवलं जातं आणि दोन्ही बाजू ऐकून निर्णय होतो. नोंद मंजूर झाली असेल तर प्रांताकडे अपील करता येतं, त्याची मुदत ६० दिवसांची. आणि एवढं सगळं हातचं गेलं असेल, तरी सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे मालकी गेली असं होत नाही. सातबारा महसुलासाठी असतो, मालकीचा वाद दिवाणी न्यायालय ठरवतं. वाटपाचा दावा लावता येतो, आणि तोवर भावाने जमीन विकू नये म्हणून मनाई हुकूम मागता येतो.

दावा म्हटलं की तुझ्या पोटात गोळा येतो, माहीत आहे मला. वकिलाची फी, कोर्ट फी, नकला, टायपिंग, हेलपाटे. यातला हेलपाट्यांचा त्रास सोडला तर बाकीचा भार विधी सेवा प्राधिकरण उचलतं. वकिलाची फी ते देतात. कोर्ट फी, समन्सचा खर्च, दाव्याचा मसुदा, निकालाच्या नकला, कागदांचं भाषांतर हे सगळं त्यात येतं. शिवाय महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट, छळ आणि लग्नातून उद्भवलेल्या मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफच आहे. ही माफी १९९४ साली सुरू झाली. तरीही कोर्टाच्या आवारात "आधी फीचे पैसे भरा" म्हणणारे भेटतात, म्हणून हे माहीत असलेलं बरं.

जायचं कुठे ते ऐक. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, आणि जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. जिल्ह्याचं प्राधिकरण प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली चालतं, आणि रोजचं काम बघणारे सचिवही न्यायाधीशच असतात. मुंबईत राज्य प्राधिकरणाचं कार्यालय उच्च न्यायालयापाशी फोर्टात आहे. पाटी शोधत फिरू नकोस, फाटकावरच्या पोलिसाला विचार, तो सांगतो. आत गेल्यावर बहुतेक ठिकाणी एक टेबल, दोन बाकडी, फायलींचं कपाट आणि एक लिपिक असतो. अर्जाचा छापील नमुना मराठीत मिळतो. त्यात नाव, पत्ता, कोणत्या गटात येता, समोरची व्यक्ती कोण, आणि मदत कशासाठी हवी हे लिहायचं. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलं तरी चालतं, ते लिहून घेऊन अंगठा घेतात. सोबत आधार कार्डाची प्रत ने, आणि जे कागद असतील ते ने. सातबारा, आठ-अ, फेरफार यांचे उतारे, वडिलांचा मृत्यूचा दाखला, त्या हक्कसोडपत्राचा मसुदा. मसुदा हातात देत नसतील तर मोबाइलवर फोटो काढून घे. काहीच नसेल तर रिकाम्या हाताने जा, उतारे कसे काढायचे ते तिथेच सांगतील.

गावी जायला जमत नसेल, तू कामाला ठाण्यात आणि जमीन सोलापुरात असेल, तर १५१०० हा नंबर फिरव. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची ही मदतवाहिनी आहे. कुठल्या कार्यालयात जायचं, अर्ज कसा करायचा ते तिथून कळतं. अर्ज ऑनलाइनही करता येतो, घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरीला सांग, ती भरून देईल. आणि अर्ज नाकारला तर तोंड फिरवून घरी येऊ नकोस. नाकारण्याचं कारण लेखी माग, त्यावर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे दाद मागता येते.

इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. मोफत वकील म्हणजे थेट दावाच, असं नाही. कायद्यात सल्ला ही सुद्धा सेवा आहे. नुसतं जाऊन विचारता येतं की या कागदाचा अर्थ काय, सही केली तर काय होईल, नाही केली तर काय होईल. मी ज्या बायकांबरोबर गेले त्यांतल्या पुष्कळ जणींना एवढंच हवं होतं. त्यांना भावावर खटला भरायचा नव्हता, आपण काय देतोय ते माहीत असावं एवढीच त्यांची मागणी होती. कोणी सल्ला घेतल्यावरही सही करून दिली, आणि मी ती चूक मानत नाही. भाऊ आईला सांभाळतोय, कर्जात बुडालाय, जमीन दीड एकर आहे आणि तिचे तुकडे पडून कोणाचंच भलं नाही, असं तुला वाटत असेल तर दे. तुझं आहे, तू देऊ शकतेस. पण मग कागदावर खरं लिहिलेलं असू दे. हिस्सा मिळाला नसेल तर मिळाला असं लिहून देऊ नकोस. थोडी जमीन ठेवून बाकीची सोडता येते, मोबदला घेऊन सोडता येते. आईच्या हयातीपर्यंत तिचं नाव काढू नका असं म्हणता येतं, कारण आईचाही त्यात वाटा असतो आणि पुष्कळदा तिच्याही सहीचा कागद त्याच दिवशी तयार असतो. पीककर्जासाठी एकाचंच नाव हवं असं सांगत असतील, तर त्याला नुसतं संमतीपत्र पुरतं का, हे वकिलाला विचार.

"पण माहेर तुटेल." हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की त्यांच्या वतीने मला राग येतो. तो राग तुझ्यावर नाही गं. माहेरी जाणं, दिवाळीची ओवाळणी, मुलांना मामाचं गाव, हे सगळं तुला जपावंसं वाटतं, त्यात कमीपणा नाही. पण बहिणीने हक्क विचारला म्हणून नातं तुटत असेल, तर ते तोडण्याचा दोष विचारणारीवर का टाकायचा? आणि खूपदा तुटतही नाही. दाव्याच्या आधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, दोन्ही बाजूंना बोलावून समेट घडवायचा प्रयत्न होतो. तिथे समोर न्यायाधीश आणि वकील बसलेले असले की घरात आवाज चढवणारा भाऊही सबुरीने बोलतो, हे मी पाहिलंय. फक्त लोकअदालतीत मान हलवताना घाई करू नकोस. तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. मजकूर वाचून घे, पटला नाही तर नाही म्हण. समेट झाला नाही तर तुझा दावा लावायचा हक्क शाबूत राहतो.

जमिनीचं इतकं सांगितलं कारण तुझा निरोप त्याचा होता. पण दार एवढ्यासाठीच नाही. नवऱ्याने घराबाहेर काढलं, पोटगी देत नाही, घरमालक अचानक खोली खाली कर म्हणतो, विमा कंपनी दावा नाकारते, कामावरून काढलं आणि पगार बुडवला, अशा दिवाणी वादांत हीच मदत मिळते. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात तर सासरच्या घरात राहण्याचा हक्क आहे. घर सासूच्या नावावर असलं तरी, तू तिथे नांदत असशील तर ते घर त्यात येऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. त्यासाठी जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात. त्यांनी तुला मोफत वकिलाबद्दल सांगायलाच हवं, ते त्यांचं कर्तव्य म्हणून कायद्यात लिहिलंय. मारहाण होत असेल आणि रात्री-अपरात्री मदत हवी असेल तर १८१ वर फोन कर. पोलीस ठाण्याशी जोडलेले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्षही आहेत. पहिला १९८४ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्या आवारात सुरू केला. तिथल्या समाजसेविका शांतपणे ऐकून घेतात.

आता जे खटकतं तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर उद्या तू म्हणशील ताईने गोडगोड सांगितलं. तुला मिळणारा वकील पॅनलवरचा असतो. त्यांत मनापासून काम करणारे पुष्कळ आहेत, पण प्राधिकरण देतं ती फी तुटपुंजी आहे आणि हातात कामं ढीगभर. काही जण तारखेला येत नाहीत, फोन उचलत नाहीत. माझ्या मते सरकारने ही फी वाढवली नाही तर मोफत वकील हा गरिबाला मिळणारा कमी प्रतीचा वकील ठरेल, आणि कायद्याने तर सक्षम सेवा कबूल केली आहे. तोवर तुलाच लक्ष ठेवावं लागेल. एक वही कर. प्रत्येक तारीख, त्या दिवशी काय झालं, पुढची तारीख कोणती, लिहून ठेव. दाव्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर मिळतो, तो वहीच्या पहिल्या पानावर उतरव. ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख आणि आदेश दिसतात. मग वकिलाच्या फोनवर विसंबून राहावं लागत नाही.

वकील "वरखर्चाला थोडे द्या" म्हणाला तर देऊ नकोस. पॅनलच्या वकिलाने तुझ्याकडून काहीही घ्यायचं नसतं. भांडायचं नाही, सचिवांकडे साध्या कागदावर लेखी तक्रार द्यायची. कामावर देखरेख ठेवायला समिती असते, वकील बदलूनही मिळतो. अशी तक्रार केली म्हणून केस बिघडेल असं बायकांना वाटतं. मी सोबत गेले त्या बायकांची तक्रारीमुळे केस बिघडलेली मला दिसली नाही, वकील बदलून काम पुढे सरकलेलं दिसलं.

आणि एकटी जाऊ नकोस. गावात विधी स्वयंसेवक असतात, अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईला विचार, त्यांना बहुधा ठाऊक असतं. कोणी नाही मिळालं तर मोठी जाऊ, शेजारीण, बचत गटातली मैत्रीण घेऊन जा. दुसरं माणूस सोबत असलं की ऐकलेलं दोघींच्या लक्षात राहतं, आणि "उद्या या" म्हणणाऱ्याला "उद्या किती वाजता, कोणाला भेटायचं" हे विचारायला धीर येतो.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी तुला तालुक्याला नेणारच आहेत ना? मग श्राद्धाच्या एक दिवस आधी, कोर्ट चालू असताना, तू तालुका विधी सेवा समितीत जाऊन ये. मसुद्याचा फोटो दाखव, सल्ला घे. भावाला सांग, "वकिलांना दाखवून सही करते, आठवडाभर थांब." तो थांबला नाही आणि तुला जबरदस्ती गाडीत घालून निबंधकाच्या कार्यालयात नेलं, तरी तिथल्या अधिकाऱ्याने दस्त कबूल आहे का असं विचारल्यावर "नाही, मला अजून सल्ला घ्यायचा आहे" एवढं स्पष्ट बोल. तू कबूल केल्याशिवाय ते दस्त तुझ्या नावाने नोंदवू शकत नाहीत.